एक नंबरचा फॉर्म

मापकाकांच्या घरी फॉर्मांचं ते खोकं आलं, तेव्हा त्यांच्या ऑपरेशनला सव्वीस दिवस उरले होते. आता शहाण्या माणसाने अशा वेळी काय करावं? गप पडून राहावं, गोळ्या घ्याव्यात, भेटायला येईल त्याच्यापुढे बारीक आवाजात बोलावं. पण गप पडून राहणं ज्यांना जमतं ती माणसं वजनमाप खात्यात जातच नाहीत. चौतीस वर्षं काका दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरले. कुठलं वजन खालून पोखरलंय, कुठल्या मापाचा तळ आतून वर ठोकलाय, हे त्यांना लांबून कळायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोड काही गेली नव्हती. हृदयातली एक झडप बदलावी लागेल असं डॉक्टर म्हणाले, तर यांनी आधी झडपेचं माप विचारलं.

"शंभरात चार जणांच्या बाबतीत गडबड होऊ शकते," डॉक्टर म्हणाले.

"नक्की चार, की साडेतीनचे चार केलेत?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. शेजारी बसलेल्या बायकोने जमिनीकडे बघितलं.

खरं सांगायचं तर ते चार काकांच्या डोक्यातून जात नव्हते. पण बसमधून घरी येताना धीर दिला तो त्यांनीच तिला. "तू आहेस ना," ते म्हणाले. "तुझं रोजचं आहे ना. मग झालं तर!" बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

रोजचं म्हणजे काय, तर सकाळी साडेसहाला ती मागच्या लहान खोलीत जायची, दार लावून घ्यायची आणि सातला बाहेर यायची. अडतीस वर्षांत त्यात खंड नाही. तापात नाही, पाहुण्यांत नाही, घर बदललं त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी नव्या घरात सामान नंतर लागलं, तिची खोली आधी ठरली. त्या अर्ध्या तासात तिला हाक मारायची नाही हा घरातला कायदा होता. काका स्वतः कधी देवापुढे उभे राहिले नाहीत. नास्तिक वगैरे नव्हते हो, तेवढी उठाठेव कोण करतो! पण एकाने गॅस बंद केला का बघायचं आणि दुसऱ्याने कुलूप ओढून बघायचं, अशी जी संसारात वाटणी होते, तीत देव बायकोच्या वाट्याला गेला होता. तेव्हा शंभरातले शहाण्णव डॉक्टरांचे आणि उरलेले चार त्या खोलीचे, अशी काकांनी मनाशी व्यवस्था लावली होती. तिच्या जिवावर त्यांना झोप लागत होती.

अशात भाची आली. ही मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि गेली पाच वर्षं करतच होती. तिने खोकं टेबलावर आदळलं आणि खुर्चीत बसकण मारली.

"मामा, काही माणसं देवाकडे जातात ती देवासाठी. काही जातात भलत्याच कशासाठी. कुणाला ओळखी वाढवायच्या असतात, कुणाला चारचौघांत मान हवा असतो. हा फॉर्म ते मोजतो."

"मोजतो?" काकांनी चष्मा चढवला. सहा वर्षांत हा शब्द त्यांच्यापुढे कोणी इतक्या अदबीने काढला नव्हता.

फॉर्मवर वीस वाक्यं होती. 'प्रार्थनेत मला देव जवळ वाटतो.' 'कोणी बघत नसलं तरी मी प्रार्थना करतो.' 'प्रार्थनेत माझं मन भटकतं.' प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं, तीन म्हणजे सांगता येत नाही. आपला आकडा असेल त्याला गोल करायचा. असे पन्नास फॉर्म तिला आठ दिवसांत हवे होते, कारण तिचे गाईड परदेशी निघाले होते आणि गाईड एकदा विमानात बसले की वर्षभर हाती लागत नाहीत.

"त्यांना दगदग नको गं," स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाली.

"बसून करायचं काम आहे, मामी."

काकांना उत्साह आला होता, पण तो लगेच दाखवतील तर ते सरकारी माणूस कसले? "काटा तपासल्याशिवाय मी काही तोलत नाही," ते म्हणाले. आणि त्यांनी भाचीला ऑफिसातल्या पितळी वजनाची हकिगत सांगितली. कपाटात मखमलीच्या पेटीत ते एक वजन असायचं. त्याला उघडा हात लावायचा नाही. घामानेसुद्धा वजन वाढतं. सगळ्या बाजाराची वजनं खरी की खोटी, हे त्या एका वजनावरून ठरायचं. भाचीने ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली होती, तरी तिने मान हलवली, कारण तिला पन्नास फॉर्म हवे होते.

"तेव्हा आधी असं माणूस हवं, की ज्याची श्रद्धा बावनकशी आहे. त्याच्यावर तुझा फॉर्म लावून बघू. बरोबर आकडा आला तर फॉर्म खरा."

असं माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागणार नव्हतं. भाची गेल्यावर त्यांनी पहिल्या फॉर्मच्या कोपऱ्यात सुबक 'एक' काढला आणि तो बायकोपुढे धरला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला नको," ती म्हणाली.

"अगं, नुसते गोल करायचेत. तू आमचं प्रमाण वजन!"

"कुणाला कळणार का, कोणी काय लिहिलंय ते?"

"छे! निनावी असतं हे. मीसुद्धा बघणार नाही."

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग हातातला टॉवेल खाली ठेवला, फॉर्म घेतला, लहान खोलीत गेली आणि दार लावलं. वीस गोल करायला तिला चाळीस मिनिटं लागली. बाहेर आली ती पाकीट चिकटवूनच. काकांनी ते रुमालात धरून खोक्यात ठेवलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे मात्र, चांगलं काम हातात घेतलं की शिंकायला माणसं कुठून जमतात कोण जाणे! भाचीचा फोन आला, की विद्यापीठाच्या समितीचा शिक्का असल्याशिवाय फॉर्म वाटता येत नाहीत, तिला वर्ग आहेत, तेव्हा मामा, तेवढं बघाल का? काकांनी बघितलं. समितीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टच्या दारावर 'बंद' अशी पाटी होती. ती पाटीसुद्धा आता जुनी होऊन एका खिळ्यावर लोंबत होती. प्रत्येक जिन्यावर थांबत, छातीवर हात ठेवत काका वर पोचले. समितीचा कारकून पेन्सिलीने कान कोरत बसला होता.

"भरणाऱ्याची संमती म्हणून सही लागेल," तो म्हणाला.

"फॉर्म निनावी आहे."

"असू दे की. फॉर्म निनावी, सही खरी."

"अहो, सहीवरून माणूस कळतो!"

"मग वाचता येणार नाही अशी करायला सांगा."

"आणि ती त्याच माणसाची आहे हे कशावरून?"

"खाली नाव लिहायचं," कारकून म्हणाला.

काकांना राग आला, पण खोटं कशाला बोला, थोडं कौतुकही वाटलं. माणूस मुरलेला होता. शेवटी सह्यांचा कागद वेगळा आणि फॉर्म वेगळे, असं ठरलं. पण शिक्का ज्याच्या कपाटात तो रजेवर होता. ज्याने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वजनांवर शिक्के मारले, तो माणूस त्या शिक्क्यासाठी दोन दुपारी बाकावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी कारकुनाने त्यांना "आजोबा, पाणी पाहिजे का?" असं विचारलं. पाणी त्यांना हवं होतं. आजोबा नको होतं.

फॉर्म वाटले तशी बिल्डिंग ढवळून निघाली. आधी आल्या त्या समोरच्या काकू. यांना जिन्यातून कोण किती वाजता गेलं हे बघण्याचा नाद. डोळा दाराच्या भिंगाला आणि कान भिंतीला.

"यात पास व्हायला किती लागतात हो?"

"पास-नापास काही नाही. खरं काय ते लिहायचं."

"ते झालंच. पण बाकीचे किती लिहितायत?"

मग हेडमास्तर खाली उतरले. हे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. शाळा सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, शाळेने मात्र त्यांना सोडलेलं नव्हतं. बिल्डिंगची इभ्रत पणाला लागली आहे, लोक अडाण्यासारखे काहीही गोल करतील, असं म्हणून त्यांनी रविवारी सकाळी गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडून चक्क मार्गदर्शन वर्ग घेतला. काका थोपवायला गेले, तर त्यांनाच पहिल्या रांगेत बसवलं.

"तीनाला गोल म्हणजे काठावर पास," हेडमास्तर म्हणाले. "आपल्याला काठावर राहायचंय का? आता वाक्य सात. प्रार्थनेत माझं मन भटकतं. इथे सगळ्यांनी एक. कोणी एकच्या वर गेलं तर मला येऊन भेटायचं."

"पण भटकतं की हो," तळमजल्यावरचा औषधवाला म्हणाला. गरीब माणूस, मनात येईल ते बोलून जायचा.

"भटकतं ते घरी. फॉर्मवर नाही."

सगळ्यांनी फॉर्मवर एक केला. औषधवाल्याने शेजाऱ्याचं बघून केला.

दोन दिवसांत एकोणपन्नास पाकिटं जमली. त्यात एक काकांचं स्वतःचंही होतं. त्यांनी देवाच्या वाक्यांपुढे सगळीकडे तीन केला होता, आणि हेडमास्तरांना ते सांगितलं नव्हतं. खोकं त्यांनी पलंगाशेजारी ठेवलं. त्या आठवड्यात त्यांचं ब्लडप्रेशरसुद्धा उतरलं. आपण अजून उपयोगाचे आहोत असं वाटायला लागलं की माणसाची तब्येत उगीचच सुधारते.

भाची पाकिटं घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी पडेल चेहऱ्याने परत आली.

"मामा, एकोणपन्नास फॉर्म बाद झाले."

"बाद? शिक्का आहे, सह्या आहेत!"

"चौदावं वाक्य वाचा. 'मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही.' ते तपासणीसाठी घातलेलं असतं. तिथे पाच केलं की तो माणूस आपल्याला चांगलं दाखवायला लिहितोय असं धरायचं. एकोणपन्नास जणांनी पाच केलाय, मामा! अशी बिल्डिंग जगाच्या पाठीवर नाही."

काकांचे कान लाल झाले. "त्यात मी पण आहे."

"तुम्ही पण?"

"मी खरंच बोललेलो नाही! विचार माझ्या खात्यात! एवढंसं कमी असलेलं वजन घेऊन लोक रडले माझ्यापुढे, पण मी..." त्यांना धाप लागली. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाचा फॉर्म खोटा म्हणून टाकून द्यायचा, ही कुठली रीत झाली? पण भाची ऐकत नव्हती. तिने पर्समधून एक फॉर्म काढला होता आणि तिचे डोळे चमकत होते.

"एकच फॉर्म कामाचा निघाला. हा एक नंबरचा. कोण आहे मला माहीत नाही आणि तुम्ही सांगूही नका. पण काय सच्चं माणूस आहे! बघा ना. रोज न चुकता प्रार्थनेला बसतो, पाच. प्रार्थनेत देव जवळ वाटतो, एक. संकटात देवावर भार टाकतो, एक. आणि हे बघा, 'प्रार्थनेमुळे मला चारचौघांपासून निवांतपणा मिळतो', तर पाच. त्याला दोनदा गोल केलाय. घरच्यांना वाटत असेल केवढी भक्ती, आणि आत काही नाही. माझ्या सगळ्या प्रबंधात असा..."

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. तिने दोन्ही कप ठेवले. भाचीच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि आत गेली.

"मामा, तुम्हाला घाम आलाय का?"

"उकडतंय," काका म्हणाले.

त्यानंतर काका बोलेनासे झाले. भेटायला येणाऱ्यांना वाटलं ऑपरेशनची धास्ती. तशी ती होतीच. शंभरातले ते चार, जे इतके दिवस लहान खोलीत दाराआड होते, ते आता घरभर मोकळे फिरत होते. जेवताना ते समोर बसायचे. कुशीवर वळलं की उशाशी असायचे. अडतीस वर्षं ज्या वजनावर आपण सगळं तोललं, तेच पोकळ निघालं असं काकांना वाटत होतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. एकदा साडेसहानंतर ते अनवाणी जाऊन त्या दाराला कान लावून उभे राहिले. आत काहीही ऐकू आलं नाही. समोरच्या काकूंसारखे आपण उभे आहोत हे लक्षात आल्यावर ते शरमून परत फिरले.

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी बायको त्यांची बॅग भरत होती. तीन सदरे, पंचा, चष्म्याचं घर.

"तो फॉर्म..." काका म्हणाले.

"बघितलात ना?"

"मी नाही बघितला. तिने वाचून दाखवला."

"एकूण एकच."

"तुला माहीत होतं, मला कळणार म्हणून?"

"अडतीस वर्षं झाली. तुम्ही कधी आकडा न बघता पुढे गेलायत? म्हणून तर खरं लिहिलं. तोंडाने सांगायला गेले असते तर तुम्ही मधेच बोलला असतात."

काकांनी मधेच बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या घरात नऊ माणसं," ती सदऱ्याची घडी परत मोडून परत घालत म्हणाली. "सकाळी डोळा उघडला की कुणाला ना कुणाला काहीतरी हवंच. मोरीत गेलं तरी दार वाजवायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, प्रार्थनेला बसलेल्या माणसाला उठवू नये, पाप लागतं. दुसऱ्या दिवसापासून मी बसायला लागले. देवाचं दार कुणी वाजवलं नाही. तुम्ही पण नाही."

"मग आत करतेस काय?"

"काही नाही. भिंतीला टेकते आणि पाय पसरून बसते."

"अर्धा तास?"

"अर्धाच तास मिळतो."

काकांनी बॅगेची चेन पुढे-मागे ओढली. विचारायचं होतं ते विचारायची त्यांना लाज वाटत होती. चौतीस वर्षांत कुणापुढे हात न पसरलेला माणूस.

"म्हणजे माझ्यासाठी... एकदासुद्धा नाही?"

बायको पलंगाच्या कडेवर बसली. "तारीख मिळाली त्या दिवशी बसले होते. हातही जोडले. काय म्हणायचं तेच येईना. इतकी वर्षं त्याच्या नावावर फुकट बसून घेतलं, साधी ओळख ठेवली नाही, आणि आता काम पडलं म्हणून जायचं? मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसती बसून राहिले." तिने डोळे पुसले, पंच्यानेच. "त्या दिवसापासून पाय पसरवत नाहीत हो. आखडूनच बसते. तुम्ही खोकलात की उठावंसं वाटतं, आणि उठले तर तुम्ही विचाराल का उठलीस."

काकांनी मनातल्या मनात फॉर्मची वीसच्या वीस वाक्यं वरून खाली वाचली. हे कशात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी आठला यायची होती. काका साडेपाचलाच उठले. आपल्या पलंगावरची जाड उशी त्यांनी उचलली, लहान खोलीत नेली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली. जरा तिरकी वाटली म्हणून सरळ केली. साडेसहा झाले तरी बायको स्वयंपाकघरातून हलेना.

"जा," काका म्हणाले. "आज पाय पसरून बस."

"आज? आज कसं..."

"आजच. बाकीचं मी बघतो."

"तुम्ही काय बघणार?"

"दार."

ती गेली. दार लागलं. काकांनी खुर्ची ओढली, दारासमोर ठेवली आणि मांडीवर बॅग घेऊन बसले. बसल्या बसल्या देवाला काही म्हणून बघावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी डोळे मिटले. पण ओळख नसलेल्या माणसाशी बोलताना होतं तसं झालं. आपलं नाव, खातं आणि निवृत्तीचं वर्ष सांगून झाल्यावर पुढे काही सुचेना.

पावणेसातला बेल वाजली. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं, काकांनी बसूनच 'या' म्हटलं. हेडमास्तर, समोरच्या काकू, औषधवाला, मागे आणखी सहा-सात जण. सगळ्यांचे चेहरे माणूस गेल्यासारखे.

"आम्ही ठरवलंय," हेडमास्तर म्हणाले, "तुमच्यासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. पण पुढे बसून प्रार्थना सांगायला वहिनी हव्यात. या बिल्डिंगमध्ये खरं बळ आहे ते त्यांच्या प्रार्थनेत. बोलवा त्यांना."

"दोनच मिनिटं," काकू म्हणाल्या आणि लहान खोलीच्या दाराकडे सरकल्या. काकूंचा हात उठलासुद्धा होता.

मापकाका उठून उभे राहिले. बॅग खाली पडली.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "ती प्रार्थनेला बसलीय."

"तुमच्यासाठीच ना?" औषधवाल्याने विचारलं.

"माझ्यासाठीच."

"मन लावून असेल," हेडमास्तर हळूच म्हणाले.

चौतीस वर्षांत मापकाकांनी हलक्या वजनावर कधी शिक्का मारला नव्हता. लोक पाया पडले, रडले, तरी नाही. त्यांनी हेडमास्तरांच्या डोळ्याला डोळा दिला.

"पाचपैकी पाच," ते म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंनी हात मागे घेतला. मग ती सगळी माणसं चपलांचा आवाज न करता जिन्याकडे गेली, आणि औषधवाल्याने दार ओढताना कडीखाली बोट धरलं, वाजू नये म्हणून.

काका पुन्हा खुर्चीत बसले. खोकला येत होता, तो त्यांनी दाबला. सात वाजले. सव्वासात झाले. आतून काही आवाज नव्हता, आणि काकांनी दार वाजवलं नाही.